खाली गुंता, चूक वर

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलंय आणि तरी तुम्ही खुर्च्या भरून बसलाय, बरं वाटलं. पत्रिकेत माझा विषय छापलाय 'मोबाइलवरून फुकट काय काय शिकता येतं'. ते सांगणारच आहे. पण त्याआधी शिलाई मशीनची गोष्ट ऐकावी लागेल. गेली तीन वर्षं भेटेल त्याला ती सांगतोय, आणि आज तर माईकच हातात मिळालाय.

उद्यमनगरात मी ३४ वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या यंत्रावर होतो. रिटायर झालो तेव्हा घरात आईचं मशीन पडून होतं. पायानं चालवायचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. आई त्यावर अख्ख्या गल्लीतल्या पोरांची झबली शिवायची. ती गेली आणि मशीनवर लोणच्याच्या बरण्या आल्या. एक दिवस बरण्या उतरवल्या, तेल घातलं, नवी वादी बसवली. चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. मनात आलं, नातीला पहिलं झबलं याच मशीनवर शिवायचं. शिकवायला घरात कोणी नव्हतं, मोबाइल होता.

व्हिडिओ लावला. एक बाई होत्या, आवाज गोड, समजावून सांगण्याची हातोटी चांगली. दोरा असा घ्या, इथून असा वळवा, सुईत असा ओवा. तसंच केलं. वरून बघितलं तर टाके सरळ, एका ओळीत. कापड उलटं केलं आणि खाली दोऱ्याचा नुसता गुंता, चिमणीनं घरटं बांधावं तसा. आता गुंता खाली आहे म्हणजे बिघाडही खालीच, असं कुणालाही वाटेल. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी काढली, परत भरली. बॉबिन केसवर एक बारका स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळला, सैल केला, परत आवळला. आणखी चार व्हिडिओ बघितले. एकात सांगितलं सुई बदला, बदलली. दुसऱ्यात सांगितलं दोरा हलका असेल, तर महाद्वार रोडवरून चांगल्यातला दोरा आणला. आठ दिवस गेले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप धरून मी आयुष्यभर लोखंड कापलंय, मंडळी, आणि एका झबल्याच्या शिवणीनं माझी झोप उडवली.

शेवटी तो कापडाचा तुकडा खिशात घातला आणि गल्लीच्या तोंडाला टेलरमामा बसतात, त्यांच्याकडे गेलो. मामा पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांनी तुकडा घेतला, उलटा केला, त्यावरून अंगठा फिरवला. चष्मा कपाळावरच होता, तो खालीसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "खाली गुंता दिसला की वर बघायचं."

मी म्हटलं, "मामा, पण बॉबिन..."

"बॉबिनला कशाला बोल लावतोस? वरचा दोरा सैल आहे तुझा. खाली गेलेला फास वर ओढला जात नाही, तिथंच साचतोय."

माझ्याबरोबर घरी आले. मशीनचा कापड दाबून धरणारा पाय वर उचलला आणि मला म्हणाले, दोरा ओढ. सैल आला. पाय खाली सोडला, म्हणाले, आता ओढ. तरी सैलच. "बघ. पाय खाली असताना दोरा अडून अडून आला पाहिजे." दोऱ्याला ताण देणाऱ्या, टेन्शनच्या दोन चकत्या असतात, बशीला बशी लावल्यासारख्या. दोरा त्या दोन्हींच्या मधून जायचा असतो. माझा कडेकडेनं, बाहेरून चालला होता. मामांनी तो दोन बोटांत धरला आणि आत सरकवला. अर्धं मिनिट लागलं असेल. झबलं त्याच संध्याकाळी शिवून झालं.

रात्री तो पहिला व्हिडिओ मी परत लावला. चकत्यांमधून दोरा घालायचं त्यात होतं. बाई तोंडानं सांगतही होत्या. फक्त त्या क्षणी त्यांचा तळहात कॅमेऱ्याच्या आड येतो. बाईंचं काहीएक चुकलं नव्हतं. त्यांनी जे येतं ते जगाला फुकट वाटलंय, त्यांचे उपकारच आहेत. पण त्यांना माझं मशीन दिसत नव्हतं. मामांना दिसलं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे.

आपण कोल्हापूरकरांना हे सांगायला लागू नये खरं तर. खासबागेत बसून आपल्या किती पिढ्यांनी कुस्त्या बघितल्या? बघून डाव येत असता तर अख्खं गाव हिंदकेसरी झालं असतं! पण तालमीत वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. त्याची नजर पोराच्या पायावर असते, आणि पाय चुकला की तिथल्या तिथं आवाज येतो. त्या आवाजासाठी पोरं पहाटे चारला उठून येतात.

लेथवर मी शिकलो तोही असाच. आमच्या मिस्त्रींनी पहिल्या महिन्यात कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा हातात दिला आणि जॉबवर, म्हणजे कापत असलेल्या लोखंडावर लावायला सांगितला. मी लावला, माप बरोबर आलं असं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "तू दाबतोयस. कॅलिपर त्याच्या स्वतःच्या वजनानं जॉबवरून उतरला पाहिजे." मग माझी बोटं सैल करून दाखवली. कॅलिपर हलकेच घसरला. तो स्पर्श अजून बोटांत आहे. आज तेच कॅलिपर लावणं मोबाइलवर सुरेख चित्रीकरणात बघायला मिळतं, पण माझं बोट किती दाबतंय हे त्या चित्राला कसं कळणार?

आता आमच्या आक्काचं सांगतो. आक्का पहिल्या रांगेतच बसलीय आणि तिची परवानगी घेतलीय. आक्काला क्रोशाचा गोल रुमाल विणायचा होता. नमुना घेतला एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून, त्यात लिहिलं होतं 'डबल क्रोशे'. हा टाका कसा घालतात म्हणून तिनं मोबाइलवर शोधलं, त्यातही 'डबल क्रोशे'च होता, हुबेहूब तसाच घातला. पाचव्या फेरीला रुमालाच्या कडा वर उठायला लागल्या. दहाव्या फेरीला रुमालाची टोपी झाली. आक्कानं तीनदा उसवलं, तीनदा टोपीच! मग शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी विणकाम हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, इथं मुका खांब घालायचा, तू खांब घातलायस."

कारण नंतर कळलं. पुस्तक ब्रिटिश होतं आणि व्हिडिओ अमेरिकन. ब्रिटिश ज्याला डबल म्हणतात त्याला अमेरिकन सिंगल म्हणतात, तोच आपला मुका खांब. अमेरिकन डबल हा उंच टाका, आपला खांब. टाका उंच झाला की प्रत्येक फेरीत टाके जास्त वाढवावे लागतात, ते वाढवले नाहीत तर घेर पुरत नाही आणि कड वर उठते. एकच नाव, दोन टाके. आणि आपल्याकडे बघा, साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. घोळाला जागाच नाही. काकूंना इंग्रजी येत नाही, पण नाव आणि टाका दोन्ही पक्के होते.

यावर मला एक तक्रारही मांडायची आहे. माझ्या मित्राच्या सुनेनं केक आणि बिस्किटं शिकायला एका ऑनलाइन क्लासला नऊ हजार रुपये भरले. नाव सांगत नाही. तिला काय मिळालं? आधी करून ठेवलेले व्हिडिओ. मी स्वतः बसून बघितले, त्यात एकही कृती अशी नव्हती जी फुकटात मिळत नाही. तिचा केक मध्ये खचत होता. तिनं फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर विचारलं, चार दिवसांनी उत्तर आलं, 'व्हिडिओ पुन्हा काळजीपूर्वक बघा.' मला याचा मनापासून राग येतो. कृती जगभर फुकट सांडलीय. तिला पैसे मोजायचे होते ते तिचा केक बघणाऱ्या डोळ्यांसाठी, आणि तेवढे सोडून बाकी सगळं तिला विकलं. शेवटी बेकरीतल्या एका दादांनी केक मधोमध कापून बघितला आणि सांगितलं, आत कच्चा आहे, ओव्हन सांगतो तेवढा तापत नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेव. ठेवला, आकड्यात आणि खऱ्या उष्णतेत फरक निघाला. ते त्या दादांनी फुकटच सांगितलं.

कुणी म्हणेल, बाबूराव पेंटरांना कुणी शिकवलं होतं? खरंय. खरी कॉर्नरचा तो कॅमेऱ्याचा स्तंभ आपण रोज बघतो. शाळा नाही, पुस्तकं अपुरी, आणि या गावात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला. पण एकट्यानं नव्हे. आधी आनंदराव पेंटर बरोबर होते. ते १९१६ साली गेले. पुढं विष्णुपंत दामल्यांना जोडीला घेऊन बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि १९२० साली त्यांचा मूकपट पडद्यावर आला. एकाच्या हातातलं काम दुसऱ्याचा डोळा बघत होता. आज मोबाइल घेऊन खोलीत बसलेल्या पोराजवळ ज्ञान बाबूरावांपेक्षा हजारपट आहे, आणि दामले नाहीत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत, आणि पत्रिकेवरचा विषय अजून तसाच आहे. भरभर सांगतो, ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

कॉम्प्युटरवरचं काही शिकायचं असेल, म्हणजे पत्र लिहिणं, हिशेबाचे तक्ते, चित्रं, तर मुंबई आयआयटीचं 'स्पोकन ट्यूटोरियल' बघा. धडे मराठीतही आहेत. एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपास. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच आपण करायचं, अशीच त्याची रचना आहे. ज्या सॉफ्टवेअरवर शिकवतात तीही फुकट मिळतात. मी चित्रं काढायला तिथंच शिकलो. कॉलेजच्या तोडीचं शिकायचं असेल तर सरकारचं 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. आयआयटीवाल्यांचं 'एनपीटीईएल' त्याच्याही आधीचं. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

यूट्यूबवर दातेरी चाकाचं चिन्ह असतं, तिथून व्हिडिओची गती पाव करता येते. हातकामाला ही फार मोठी सोय आहे. एकाच कामाचे तीन वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ बघा. एकाच्या हाताआड गेलेलं दुसऱ्याच्यात दिसतं. शोधताना मराठी शब्द घालून बघा, 'मुका खांब' लिहिलं की मुका खांबच येतो. आणि आधी करायची वस्तू ठरवा, मग शोधा. 'शिवणकाम' शोधलंत तर रात्र जाईल, 'उशीचा अभ्रा' शोधलात तर उशीला अभ्रा चढेल.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या वीज साठवणाऱ्या भागात, कपॅसिटरमध्ये, जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. गॅसची शेगडी, मेन स्विच, यांनाही व्हिडिओ बघून हात लावायचा नाही.

आता शेवटचं, आणि ते महत्त्वाचं आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत केलं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या हुकमात 'सक्तीचं' हाही शब्द होता. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड होता. मोबाइलनं मोफत दिलं, सक्ती करायला कोणी नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सुई गंजते. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी चार माणसं वाट बघत असली की माणूस आपलं काम घेऊन येतो.

म्हणून मी आणि आक्कानं वाचनालयाकडे एक मागणी केली होती आणि ती मान्य झालीय. येत्या रविवारपासून, सकाळी दहा ते बारा, खालचा हॉल आपल्याला मिळणार आहे. घरी मोबाइलवर शिकायचं आणि अडलं की इथं आणायचं. फी नाही. क्रोशाला काकू आहेत, लोखंडाला आणि लाकडाला मी आहे. बापट कॅम्पातल्या एका कुंभारदादांनी महिन्यातून एकदा यायचं कबूल केलंय, गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एकांना विचारलंय. टेलरमामांना जिने चढवत नाहीत, म्हणून खालचा हॉल मागितला. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात काही आहे त्यांनी जाताना वहीत नाव लिहा.

आणि येताना काम उसवून आणू नका. गुंत्यासकट आणा, मामांना उलटी बाजू बघायची असते.