कासवाच्या पोटातून उगवणारं रान

(दृश्य : होडीतून जवळ येणारं बेट)

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर हे गाव. त्याच्यासमोरच, किनाऱ्यापासून किलोमीटरभरही लांब नसलेलं हे ईल-ओ-झेग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट. उणीपुरी २६ हेक्टर जागा, तीही प्रवाळाच्या खडकाची. माती नावालाच. बगळा मात्र आमच्या कॅमेऱ्यात एकही आला नाही. आले ते हे महाशय.

(दृश्य : पायवाटेवरून येणारं कासव)

हे मूळचे इथले नव्हेत, सेशेल्समधल्या अल्दाब्राचे. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं होती, दोन जातींची. १५९८ साली डच जहाजं याच बाजूला किनाऱ्याला लागली आणि खलाशांना आयता शिधा सापडला. अन्नपाण्यावाचून महिनोन् महिने तग धरणारं ताजं मांस! जहाजात नेऊन ठेवलं की झालं. डोडो संपला त्याची गोष्ट जगाला पाठ आहे. कासवं संपली, त्याचा बोभाटा झाला नाही.

(दृश्य : आबनूसाचं खोड, मग जमिनीवरचं फळ)

हा आबनूस. ज्या टेंभुर्णीच्या पानांत आपल्याकडे विड्या वळतात, तिच्याच कुळातला. मुख्य बेटावर डचांचा डोळा त्याच्या काळ्याभोर गाभ्यावर होता. इथे तो सरपणासाठीही तुटला. पुढे तोड थांबली, पण मोकळ्या झालेल्या जागेत आबनूस काही परतेना. फळं पिकायची, झाडाखालीच पडायची. उचलून लांब नेणारं तोंडच उरलं नव्हतं.

ते तोंड २००० साली आणलं, अल्दाब्राच्या जातीच्या कासवांचं.

(दृश्य : अगदी जवळून)

बघा. फळ जबड्यातून निसटतं. मान लांबवून पुन्हा धरतं, पुन्हा निसटतं. आम्हाला घाई, त्याला नाही. एकदाचं गिळलं, की बी पोटात फिरत राहतं आणि काही दिवसांनी विष्ठेतून भलतीकडेच पडतं. असं पोटातून आलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं. तोड झालेल्या जागी आता रोपांची दाटी दिसते. हे रोप गुडघ्याएवढंही नाही. आबनूसाची चाल कासवाचीच.

(दृश्य : पलीकडचा किनारा)

समोर दिसतो तो ऊस. १८३४ पासून गिरमिटिया मजूर आले ते याच्याचसाठी. त्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसंही होती. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज इथल्या प्रवाळावर चढलं, हजारेक टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी याच उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून बांध घातले. तेल या बेटापर्यंतही पोचलं.

(दृश्य : संध्याकाळ, धक्का)

परतीची होडी सुटायची वेळ. कासव अजून दुसऱ्या फळापाशी.