मंगळवारचं स्टेडियम

मंडळी, नवं क्रीडासंकुल भर मध्यवस्तीत असावं की नसावं, हा आजचा विषय. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेलो होतो. टेबलावर काचेच्या पेटीत मॉडेल मांडलेलं. फार देखणं. छपराखाली बारीक दिवे, दरवाजे सताड उघडे आणि नखाएवढी शे-दोनशे माणसं आत शिरताहेत. कुणाच्या खांद्यावर मूल, कुणाच्या हातात झेंडा. लोक वाकून वाकून बघत होते. मीही बघितलं. मग तिथल्या वास्तुविशारदांना विचारलं, ‘‘हे मंगळवारी, सामना नसताना कसं दिसेल?’’ म्हणाले, ‘‘असंच.’’ म्हटलं, ‘‘असंच कसं? दिवे घालवा, माणसं उचला.’’ भले गृहस्थ होते, त्यांनी खरंच बटण दाबलं, चिमट्याने माणसंही उचलली. पेटीत उरली एक भिंत. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ना खिडकी, ना दुकान, ना बसायला कट्टा.

सुनावणीच्या इतिवृत्तात माझा प्रश्न ‘प्रकाशयोजनेबाबत सूचना’ म्हणून नोंदवला गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून कुठल्याही शहरात गेलो की सामना नसलेल्या दिवशी तिथल्या स्टेडियमला एक प्रदक्षिणा घालतो. घरचे वैतागतात. एके ठिकाणी भिंतीलगतच्या बसथांब्यावर एक बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘‘सात वाजून गेले की मी पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. लांब पडतं, पण तिथे औषधाचं दुकान उघडं असतं.’’ स्टेडियमचा सगळा हिशेब त्या बाईंच्या चालण्यात आहे. (आपण ‘मैदान’ म्हणतो ते मोकळ्या जागेला. चारी बाजूंनी बंद, तिकिटाशिवाय आत न सोडणाऱ्या इमारतीलाही तोच शब्द वापरायला माझी जीभ अडखळते.)

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा भरभर सांगतो.

पहिला प्रश्न, वर्षातल्या किती रात्री दिवे लागणार? अमेरिकन फुटबॉलच्या (हाताने चेंडू धरून खेळतात तो, आपला नव्हे) संघाचे नियमित हंगामात स्वतःच्या स्टेडियमवर जेमतेम ८-९ सामने होतात. एवढ्यासाठी मध्यवस्तीतली जागा अडवू नये. बास्केटबॉलचे ४१ होतात, त्याच छताखाली आइस हॉकी आणली की ऐंशीच्या वर, शिवाय मैफली. असं बंदिस्त संकुल, खाली रेल्वे असेल तर, मध्यवस्तीत शोभतं. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन १९६८पासून पेन स्टेशनच्या डोक्यावर आहे. त्यासाठी जुनं भव्य स्टेशन पाडलं, ही हळहळ मात्र तिथे अजून आहे.

दुसरा, गाड्या कुठे लावणार? अमेरिकेतच डेट्रॉइटमध्ये २०१७ साली मध्यवस्तीत अरीना, म्हणजे असंच बंदिस्त संकुल, उघडलं. भोवती नव्या वस्त्या उभ्या राहतील असा शब्द दिला होता. पुढे वर्षानुवर्षं त्यातल्या कितीतरी जागांवर नुसते वाहनतळच राहिले.

तिसरा, शेजारी कोण राहतं? वॉशिंग्टनचं अरीना १९९७मध्ये चायनाटाउनला, म्हणजे तिथल्या जुन्या चिनी वस्तीला, लागून झालं. भाडी वाढली, जुने रहिवासी पांगले. सगळा दोष अरीनाचा नाही, वस्ती आधीच आटत होती. पण आज तिथे मोठमोठ्या ब्रँडच्या दुकानांवर चिनी अक्षरांच्या पाट्या आहेत आणि आत चिनी माणूस शोधावा लागतो.

पैशांबद्दल एकच वाक्य. संकुलामुळे शहर श्रीमंत होतं हा दावा अर्थतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासला आणि तो बहुतेक वेळा टिकला नाही, कारण माणूस सिनेमाला, हॉटेलात जे खर्चणार होता तेच तिकिटावर खर्चतो.

तर माझं मत असं. मध्यवस्तीत बांधा, पण रस्त्याकडची बाजू दुकानांना द्या, रोज उघडणाऱ्या. मधले रस्ते बंद करू नका. आणि भाडेकरूंचं संरक्षण करारावर सही होण्याआधी पक्कं करा.

शेवटचं, अध्यक्ष उठून उभे राहिलेत. फिलाडेल्फियात २०२२ साली तिथल्या चायनाटाउनच्या कडेला शहराच्या बास्केटबॉल संघासाठी १ अब्ज ३० कोटी डॉलरच्या अरीनाची घोषणा झाली. वस्तीतली माणसं अडीच वर्षं मोर्चे काढत होती, सुनावण्यांना बसत होती. डिसेंबर २०२४मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली आणि पुढच्याच महिन्यात संघाने बेत सोडला, शहराच्या दक्षिण भागातच राहायचं ठरवलं. त्या माणसांची अडीच वर्षं कुठल्याही करारात मोजलेली नव्हती. अशा प्रत्येक करारात ती मोजणारं कलम हवं, आणि ते पहिलं हवं. आता प्रश्न घेतो.