पेटी गारठून मरते की उपाशी?

मागं बसलेले जरा पुढं या, उन्हात बसा, माइकचा आवाज तिकडं नीट येत नाहीये. सकाळी इथं येताना एक दादा भेटले, म्हणे थंडी भारी शे, माझ्या मधमाश्यांच्या दोन पेट्या गारठून गेल्या. मी विचारलं, मेलेल्या माश्या कशा दिसत होत्या? म्हणे डोकं पोळ्याच्या कप्प्यात घातलेलं आणि मागचा भाग बाहेर. म्हटलं दादा, मग त्या उपाशी गेल्या. कप्प्याच्या तळाशी मधाचा थेंब शोधायला माशी आत डोकं घालते आणि तशीच राहते.

आता बघा, ज्या देशांत बर्फ पडतो, पारा शून्याच्या खाली २० जातो, तिथंही याच मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपियन माश्या, अख्खा हिवाळा काढतात. मग आपल्याकडं रात्री ८-९ डिग्रीला कशा मरतील? त्या काय करतात, पारा १४च्या आसपास आला की एकमेकींना चिकटून गोळा करतात, राणी मध्ये. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवायचे, त्यातून ऊब. आपण शेकोटीला बसतो ना, ज्याची पाठ गार पडली तो फिरून बसतो, तसंच बाहेरच्या माश्या हळूहळू आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. आणि पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, असेल तर तिथं ३४-३५ डिग्री ठेवावीच लागते, बाहेर काहीही असो. या शेकोटीचं लाकूड म्हणजे मध. लाकूड संपलं की शेकोटी विझली, बास.

आपल्या खान्देशातली गंमत वेगळी आहे. तिकडं बर्फाच्या देशांत राणी अंडी जवळपास बंद करते, माश्या गुपचूप बसतात, खर्च कमी. इथं रात्री स्वेटर आणि दुपारी २८ डिग्री, माश्या फिरायला बाहेर, राणी अंडी चालू ठेवते, म्हणजे खर्च दिवसाचाही आणि रात्रीचाही. कपाशी आणि तूर असेपर्यंत ठीक चालतं, पण तुरीचा फुलोरा झडला आणि बियाण्याच्या कांद्याला अजून फूल नाही, तो मधला महिना-दीड महिना घात करतो. आणि त्याच्या आधी आपण काय केलेलं असतं? दिवाळीनंतर मधयंत्र घेऊन पेटी पार कोरडी केलेली असते. वरच्या मधकोठीतला, म्हणजे जास्तीचा मध साठतो त्या कप्प्यातला, काढा की, कोण नाही म्हणतंय, पण खालच्या पिलावकोठीतला, जिथं राणी आणि पिलावा असतो, तो ओढू नका. एक भरलेली फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, म्हणजे दोन-अडीच किलो मध, मी स्वतः तशा चार ठेवतो. माझा भाऊ मला कंजूस म्हणतो, म्हणू द्या.

अजून एक, मध आहे पण लांबच्या फ्रेमवर आहे, तरी त्या मरतात. गार रात्रीत गोळा सोडून दोन फ्रेम पलीकडं जाता येत नाही. भरलेल्या फ्रेम पिलाव्याला लागूनच लावा, रिकाम्या काढून घ्या, उरलेल्या जागेत फळी टाका. मोठ्या घरात चारच माणसं असली की घर गरम होत नाही, तसं.

आता माझा शहाणपणा सांगतो. पहिल्या वर्षी मी सहा पेट्या प्लास्टिकच्या कागदानं घट्ट गुंडाळल्या, गोधडी पांघरल्यासारख्या. आठ दिवसांनी झाकण काढलं तर आतून पाणी ठिबकतंय! माश्यांच्या श्वासाची वाफ गार झाकणाला लागून परत त्यांच्याच अंगावर. कोरडी थंडी माशी सोसते, ओली नाही सोसत. तेव्हापासून फ्रेमवर गोणपाट टाकतो, ते ओलावा पिऊन घेतं, पेटी पुढून किंचित उतरती ठेवतो आणि दार बोटभर उघडं. पूर्ण बंद करायचं नाही.

केळीवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. चरका, म्हणजे थंडीचा फटका, बसू नये म्हणून तुम्ही रात्री बागेला पाणी देता, धूरही करता. बागेच्या मधोमध ठेवलेली पेटी मग ओल्यात, सावलीत, धुरात. पेटी बांधावर ठेवा, तोंड पूर्वेला, उत्तरेच्या वाऱ्याला काहीतरी आडोसा. सकाळचं ऊन दारावर पडलं की माशी लवकर कामाला लागते.

कोणीतरी विचारलं, गुळाचा पाक चालेल का? नाही. गुळातला मळ माशीला पचत नाही, हगवण लागते. पांढरी साखर, दोन किलोला एक लिटर पाणी, पाणी उकळून खाली उतरवायचं आणि मग साखर विरघळवायची, साखर जळू द्यायची नाही. उन्हाळ्यासारखा पातळ पाक आत्ता दिला तर तो आटवण्यातच माश्यांची ताकद जाते. द्यायचा असेल तर कडाका सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात, आणि ती भांडणं मी सोडवू शकत नाही.

हां, सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, पाळणाऱ्यांची अडचण उलटी. मेलिफेरा उपाशी बसून मरते, सातेरी सरळ घर सोडून जाते, सकाळी पेटी रिकामी. वजन बघायला काटा लागत नाही, मागून एका हातानं उचलून बघायची, आठवड्याला एकदा. हलकी लागली की समजायचं.

पेटी उघडून दाखवायची आहे, पण आत्ता साडेदहा वाजलेत, वारा गार आहे, पिलावा गारठेल. तोवर चहा घ्या. बारानंतर उघडू.