जिवेभावे

नमस्कार श्रोतेहो.

उद्या १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कॅथलिक मंडळींमध्ये याच दिवशी कामकरी संत योसेफाचा सण पाळतात. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली तो नेमून दिला. मी प्रोटेस्टंट घरात वाढलो, आमच्याकडे हा सण नव्हता. तरी मला तो जवळचा वाटतो, कारण तो एका सुताराचा सण आहे. योसेफ सुतार होता आणि त्याच्या हाताखाली वाढलेला येशूही सुतारच. मार्काच्या शुभवर्तमानात गावची माणसं येशूचं बोलणं ऐकून एकमेकांना विचारतात, हा तो सुतारच ना? त्यांनी ते कमीपणा दाखवायला म्हटलं होतं. पण जरा हिशेब करा. प्रभूने लोकांत शिकवायला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असं लूक सांगतो. पुढची सेवा जेमतेम तीन वर्षांची. म्हणजे ज्याला आम्ही प्रभू म्हणतो, त्याच्या हातांनी उपदेशापेक्षा लाकडावरच जास्त वर्षं काम केलं असणार.

मी छापखान्यात काम केलेला माणूस. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा कंपोझिटर. आता तो धंदा राहिला नाही. पण कामातलं कौशल्य आणि विश्वास यांचा संबंध मला कोणत्या प्रवचनातून कळला नाही, तो छापखान्यात कळला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एकोणिसाव्या वर्षी मी नगरच्या एका लहान छापखान्यात लागलो. आमचे मास्तर वयस्कर होते, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर बसणारे, फारसं न बोलणारे. पहिले सहा महिने त्यांनी मला जुळणीची स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, हातात धरू दिली नाही. काम एकच, खिळे सोडायचे. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, मोडतात आणि प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या त्याच्या खणात टाकतात. इंग्रजीची केस, म्हणजे खणांची पेटी, त्या मानाने सोपी. देवनागरीची केस म्हणजे भिंतच असते. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, सगळ्यांचे वेगळे खण. शिवाय खिळ्यावर अक्षर उलटं असतं. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प नवख्याला सारखेच दिसतात.

मला ते काम हलकं वाटायचं. मी मूठभर खिळे घ्यायचो आणि भराभर टाकत सुटायचो. एकदा मास्तरांनी मला शेजारी उभं केलं आणि स्वतः जुळणी करू लागले. त्यांची नजर हस्तलिखितावर होती, हात खणांकडे न बघता जात होता. तीन ओळी झाल्यावर त्यांनी स्टिक माझ्यापुढे धरली. ‘भाकरी’च्या जागी ‘माकरी’ आणि ‘घर’च्या जागी ‘धर’. चूक त्यांच्या हाताची नव्हती. आदल्या दिवशी भ च्या खणात म आणि घ च्या खणात ध मी टाकले होते. मास्तर एवढंच म्हणाले, “जुळणारा डोळे मिटून हात घालतो, तो तुझ्यावर विश्वास ठेवून.”

हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं बाळगलं. खिळे सोडण्याचं काम कुणी तपासत नाही, त्याचं प्रूफ निघत नाही. त्यात केलेली कामचुकारी उद्या दुसऱ्याच्याच नावावर लागते.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. दुसऱ्या वर्षी मी जुळणीला लागलो होतो. त्याच सुमारास विश्वासाची नवी ओढ लागली होती आणि संध्याकाळची प्रार्थनासभा मी चुकवत नसे. एका लग्नपत्रिकेचं प्रूफ शेवटचं वाचायचं होतं. सभेची वेळ झाली. मी वरवर नजर फिरवली, ‘ठीक’ असं लिहिलं आणि निघालो. रात्री चारशे पत्रिका छापून झाल्या. वार बरोबर होता, तारीख एका दिवसाने चुकली होती. सकाळी मुलीचे वडील पत्रिका हातात घेऊन दुकानात उभे होते. रागावले नाहीत. नुसते उभे राहिले, ते मला जास्त लागलं.

मी मास्तरांना सांगितलं, काल मी प्रार्थनेला गेलो होतो. मला वाटलं, हे ऐकून ते मवाळ होतील. ते म्हणाले, “गेलास ते चांगलंच केलंस. पण प्रूफ नीट वाचलं असतंस, तर या माणसासाठीसुद्धा प्रार्थना झाली असती.”

मग ते स्वतः कामाला बसले. दुपारपर्यंत नवी पत्रिका तयार झाली. कागदाचे पैसे मालकांनी माझ्या पगारातून घेतले. त्यातले निम्मे मास्तरांनी आधीच भरले होते, हे मला महिन्याने कळलं.

श्रोतेहो, आपल्या मंडळ्यांमध्ये, आणि हे मी प्रेमाने बोलतो आहे, एक समजूत खोल बसली आहे. उपासना म्हणजे देवाचं काम आणि नोकरीधंदा म्हणजे पोटाचं काम. मग पोटाचं काम कसंही उरकलं तरी चालतं, रविवार सांभाळला म्हणजे झालं. पवित्र शास्त्राला ही फाळणी मान्य नाही. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात, ‘मी त्याला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं आहे’ असं देव एका माणसाविषयी म्हणतो. शास्त्रात हे शब्द इथे पहिल्यांदा येतात. हा माणूस कोण? तो याजक नाही आणि संदेष्टाही नाही. तो कारागीर आहे, बसालेल त्याचं नाव. सोनं, चांदी आणि पितळ घडवणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकडावर कोरीव काम करणारा. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायचा होता आणि त्यासाठी त्याला आत्मा दिला गेला. बुद्धी, समज, ज्ञान आणि हातातली कला, हे सगळं एकाच दमात सांगितलं आहे.

पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक वाक्य येतं. ते वाचताना मला मास्तर आठवतात. बसालेलच्या आणि त्याचा जोडीदार अहलियाब याच्या मनात देवाने शिकवण्याची बुद्धी घातली. नुसतं स्वतःला येऊन पुरत नाही, आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हातात उतरवता आलं पाहिजे.

आमच्या धंद्याचा महाराष्ट्रातला इतिहास बघितला तर तो असाच हातांनी पुढे गेलेला दिसतो. जावजी दादाजी लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे खिळे घासण्याचं काम त्यांना मिळालं. त्याच मुलाने पुढे निर्णयसागर छापखाना काढला, १८६९ साली, आणि निर्णयसागरची अक्षरं देवनागरी छपाईचा मानदंड ठरली. जावजी ख्रिस्ती नव्हते. त्यांनी संस्कृत ग्रंथ छापले आणि ते देशभर गेले. मिशनऱ्यांच्या छापखान्यातली विद्या अशा कामी आली याचा मला आनंदच होतो.

पण मेहनत करून शिकणं म्हणजे काय, हे मला कुणात पूर्ण दिसत असेल तर ते पंडिता रमाबाईंमध्ये.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी आईकडून संस्कृत शिकली. बाईने संस्कृत शिकणं हेच त्या काळात लोकांना खपत नव्हतं. दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्यात १८७८ साली तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. विसाव्या वर्षी एवढा मान मिळाल्यावर दुसरं कुणी त्यावर जन्मभर जगलं असतं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण कानांनी नीट ऐकू येईना, म्हणून वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलंही. पुढे अमेरिकेत गेल्या तेव्हा बालशिक्षणाची किंडरगार्टन पद्धत विद्यार्थिनीसारखी बसून शिकल्या. विधवांसाठी घर काढायची तळमळ मनात जळत होती, तरी ‘माझ्याजवळ तळमळ आहे, तेवढी पुरे’ असं त्यांनी मानलं नाही. शारदा सदन निघालं ते त्यानंतर, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या, शेकड्यांनी. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. आता इतक्या बायकांना जेवू घालणं हेच केवढं काम! रमाबाईंनी त्यांच्या हाताला कामही दिलं आणि कामाचं शिक्षणही. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवण, तेलाची घाणी आणि छापखाना. होय, छापखाना. जिला अक्षर शिकायची बंदी होती, ती बाई आता शिशाची अक्षरं जुळवू लागली. मी या धंद्यातला असल्यामुळे मला त्या खोलीचं चित्र दिसतं. नऊवारीतली मुलगी केससमोर उभी आहे आणि उलटा घ बोटाने चाचपून बघते आहे.

तिथेच रमाबाईंनी आपलं सर्वांत मोठं काम हाती घेतलं, मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. मराठी बायबल तेव्हा होतं. पण त्याची भाषा आपल्या सदनातल्या खेड्यापाड्यातून आलेल्या बायकांना कळत नाही, असं त्यांना दिसलं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकायला घेतलं. कान अधू, अंगावर सगळ्या सदनाचा संसार, आणि समोर नवी लिपी. हे काम सुमारे दीड तप चाललं. ज्यांच्या जिभेवर संस्कृत होतं, त्या पंडिता घरकाम करणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसायच्या. आपली विद्वत्ता दिसू नये म्हणून इतकी विद्या वापरायची, हे मला फार मोठं वाटतं.

१९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तीच त्यांचा उजवा हात होती. त्यानंतरही काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘जे काही तुम्ही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा,’ हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन आपण कामाविषयी नेहमी ऐकतो. पौलाने ते दासांना लिहिलं होतं. म्हणून काही मालकांना ते फार आवडतं. कमी पगारात जास्त राबवून घ्यायचं आणि वर हे वचन ऐकवायचं, असं मी पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो. त्यांनी पान उलटावं. चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल धन्यांना सांगतो की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. आणि सहा दिवस काम, सातवा विसाव्याचा, ही आज्ञा दासदासींनाही लागू आहे, गुराढोरांनाही. ज्याला विसावा मिळत नाही त्याच्याकडे जिवेभावे करायला जीवच कुठला उरणार?

तरीही त्या वचनातला ‘जिवेभावे’ हा शब्द मी सोडणार नाही. दासाला तो शब्द सांगताना पौल त्याच्या कामाला किंमत देत होता. तुझ्या धन्याला दिसो न दिसो, तुझं काम बघणारा आहे, असं तो सांगत होता. खिळे सोडणाऱ्या पोराला यापेक्षा मोठा मान कोण देणार?

आज मला तरुण मुलं भेटतात. कुणी वायरमन, कुणी दवाखान्यात परिचारिका, कुणी संगणकावर हिशेब लिहिणारी. मंडळीत विचारतात, आम्ही देवासाठी काय करू? मी आधी विचारतो, तुझं काम तुला पूर्ण येतं का? नसेल येत, तर कुणाच्या हाताखाली शिकशील? इंजेक्शन देताना शीर चटकन सापडणारा हात हा रुग्णासाठी देवाच्या दयेसारखाच असतो, आणि तो हात सरावाने तयार होतो. सरावाला वेळ लागतो, त्यात कमीपणा घ्यावा लागतो, शेजारच्याला विचारावं लागतं. वयाने लहान असलेल्याला विचारायची पाळी येते तेव्हा तर फारच जड जातं. रमाबाईंनी चाळिशीनंतर इब्रीची मुळाक्षरं गिरवली, हे तेव्हा मी त्यांना सांगतो.

रमाबाईंचं संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. चुकलं तर विचारायला बाई राहिल्या नव्हत्या. काम कसं झालं हे पाहायला त्या येणारही नव्हत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचे हात त्या छापखान्यात चालत राहिले. पान जुळलं, छापलं, फर्मा मोडला, आणि कुणीतरी एकेक खिळा त्याच्या खणात परत टाकला, पुढच्या पानासाठी.

नमस्कार.