आधी हवा, मग गन

गाडी पेंट करायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, स्प्रे गन कुठली घेऊ? कंपनी, मॉडेल, रंग, हँडलची पकड, सगळ्यावर चर्चा होते. हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर किती हवा देतो, पाईप आतून किती मिमी आहे, टाकीतलं पाणी शेवटचं कधी काढलं, हे कोणी विचारत नाही. आणि मग भारीतली गन आणून पण बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत येतो, त्याला ऑरेंज पील म्हणतात, आणि दोष बिचाऱ्या गनला.

आता गन आतून बघू. ट्रिगर थोडा ओढला की आधी फक्त हवा सुटते, अजून ओढला की नीडल, म्हणजे आतली सुई, मागे सरकते आणि नोझलमधून पेंट बाहेर येतो. नोझलच्या भोवती जी बारीक गोल फट असते तिथली हवा त्या पेंटचे थेंब फोडते, आणि एअर कॅपला, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीला, दोन शिंगं असतात ना, त्यांच्या भोकांतली हवा दोन्ही बाजूंनी दाबून त्याचा चपटा पंख्यासारखा फवारा, म्हणजे फॅन बनवते. म्हणजे गनमध्ये मेहनत हवाच करते, हवा कमी पडली की थेंब मोठे, आणि मोठे थेंब पत्र्यावर नीट पसरत नाहीत.

जुन्या पद्धतीच्या गनला 40 ते 60 पीएसआय (1 बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) प्रेशर लागायचं, फवारा जोरात, पण निम्म्याहून जास्त पेंट गाडीवर न बसता धुकं होऊन उडून जायचा. मग आल्या एचव्हीएलपी, म्हणजे हवा भरपूर आणि प्रेशर कमी. यात एअर कॅपच्या तोंडाशी प्रेशर 10 पीएसआयच्या वर जात नाही, त्यामुळे पेंट वाचतो आणि ते उडणारं धुकं, म्हणजे ओव्हरस्प्रे, कमी होतं. पण 'भरपूर हवा' हा शब्द लोक विसरतात, यातल्या बऱ्याच गन 10 ते 15 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा खातात. मधला पर्याय म्हणजे एलव्हीएलपी, हवा पण कमी आणि प्रेशर पण कमी, या साधारण 4 ते 8 सीएफएमवर चालतात, काम थोडं हळू होतं पण छोटा कॉम्प्रेसर असेल तर माझं मत असं की हीच घ्या, अर्धपोटी एचव्हीएलपीपेक्षा पोटभर एलव्हीएलपी कधीही चांगली.

एक जरा मागची गोष्ट. 1920 च्या दशकापर्यंत गाड्या ब्रशने रंगायच्या आणि थरावर थर वाळायला आठवडे जायचे. मग ड्यूपाँटचा ड्यूको नावाचा लॅकर आला, जनरल मोटर्सने 1924 च्या ओकलंड गाड्यांना तो मारला. तो वाळायचा इतका पटकन की ब्रश फिरवायला वेळच मिळायचा नाही, स्प्रेच करावा लागायचा. गाडीच्या कारखान्यात गन रुजली ती अशी.

आता कॉम्प्रेसर. दुकानात टाकी किती लिटरची ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण तिथेच फसतो. हिशोब करून बघा, 50 लिटरची टाकी 8 बारपासून 3 बारपर्यंत पूर्ण वापरली तरी साध्या हवेच्या मापात 250 लिटर हवा मिळते, आणि मिनिटाला 300 लिटर, म्हणजे साडेदहा सीएफएमच्या आसपास खाणारी गन ती 50 सेकंदात संपवते. पुढची सगळी हवा पंपाने त्याच क्षणी बनवून द्यायची असते. म्हणून टाकीच्या आधी सीएफएम बघा, आणि त्यातही पंपाचं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदावर जेवढी हवा ओढतो तो आकडा नको, प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, एफएडी, तो आकडा बघा. दोन्हीत बराच फरक असतो, आणि जाहिरातीत मोठावाला आकडा छापतात हे काही सांगायला नको. गनला लागते त्याच्या दीडपट एफएडी असेल तर पंपाला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो, नाहीतर पिस्टन कॉम्प्रेसर सतत चालत राहतो, तापतो, आणि गरम हवेबरोबर ऑइलची वाफ पण पुढे ढकलतो.

मेटॅलिक पेंटमध्ये तर हे लगेच दिसतं. दरवाजा अर्धा झाला आणि प्रेशर उतरलं की पेंट ओला पडतो, आतले चमकीचे कण वेगळे बसतात, आणि तोच शेड तिथे गडद दिसतो. लोक म्हणतात शेड मॅच झाला नाही, पण डबा तोच असतो हो.

कॉम्प्रेसर मोठा आहे पण पाईप बारीक आहे, हे पण नेहमीचंच. आतून 6 मिमीचा लांबलचक पाईप आणि त्याला स्वस्तातले कपलर, म्हणजे पाईपचे जोड, लावले की प्रेशर वाटेतच मरतं. आतून 10 मिमीचा पाईप घ्या, जास्त फ्लोवाले कपलर लावा, आणि प्रेशरचा गेज भिंतीवर नको, गनच्या हँडलपाशी हवा.

आता पाणी, इथे जरा थांबू कारण सगळ्यात जास्त काम यानेच बिघडतं. हवेत वाफ असतेच, हवा दाबून थंड केली की तिचं पाणी होतं. 30 अंश तापमान, दमट दिवस, 75 टक्के आर्द्रता, आणि मिनिटाला 300 लिटर हवा सलग तासभर वापरली तर त्यातून 300 मिलीच्या वर पाणी निघतं! ते कुठेतरी जाणारच, टाकीत, पाईपमध्ये नाहीतर तुमच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात. कॉम्प्रेसरला चिकटून फिल्टर लावला तर फारसा उपयोग नाही कारण तिथे हवा गरम असते, वाफ वाफच राहते आणि फिल्टरमधून निघून जाते. हवेला आधी काही मीटर धातूच्या पाईपमधून थंड होऊ द्या, पाईप थोडा उताराचा ठेवा, प्रत्येक फाटा मुख्य पाईपच्या वरच्या बाजूने काढा म्हणजे पाणी त्यात उतरत नाही, आणि मग पाणी वेगळं करणारा सेपरेटर. पीव्हीसीचा पाईप मात्र लावू नका, दाबाखाली फुटला तर तुकडे उडतात. ऑइलचा अंश गेला तर पेंटवर गोल खड्डे पडतात, त्यांना फिश आय म्हणतात, त्यासाठी वेगळा बारीक फिल्टर लागतो.

नोझलचं लवकर आटपतो. रंगाचा थर म्हणजे बेस कोट, त्याला 1.2 किंवा 1.3 मिमी, क्लिअरला 1.3 ते 1.4, रंगाखालच्या जाड प्रायमरला 1.6 ते 1.8. प्रायमरची गन वेगळी ठेवता आली तर ठेवा. नोझल, नीडल आणि एअर कॅप हा एकच सेट असतो, एकाची नीडल दुसऱ्यात बसवून काम भागवू नका.

सेटिंग करताना प्रेशर कमी-जास्त करायचा रेग्युलेटर ट्रिगर ओढून धरूनच फिरवा, कारण ट्रिगर सोडलेला असताना दिसतं ते प्रेशर खोटं असतं. किती ठेवायचं ते गन आणि पेंटच्या माहितीपत्रकात असतं, बऱ्याच एचव्हीएलपीत हँडलपाशी 2 बारच्या आसपास, एअर कॅपपाशी ते उतरून 10 पीएसआयच्या आत येतं. मग कागद चिकटवा, एअर कॅप फिरवून फॅन आडवा करा आणि ओघळेपर्यंत मारा. ओघळ सगळीकडे सारखे आले तर झालं काम. मधलेच लांब आले तर प्रेशर कमी आहे नाहीतर पेंट घट्ट आहे, दोन्ही टोकांचे लांब आले तर प्रेशर जास्त. फॅन एका बाजूला वाकलाय? एअर कॅप अर्धा फेरा फिरवा, वाकडेपणा सोबत फिरला तर कचरा कॅपमध्ये, नाही फिरला तर नोझलमध्ये.

पॅनलवर मग 15 ते 20 सेंमी अंतर, आधीच्या पट्ट्यावर निम्मं तरी ओव्हरलॅप, आणि मनगट वळवायचं नाही, हात सरळ न्यायचा.

हार्डनर, म्हणजे पेंट कडक करणारं रसायन, मिसळून वापरायच्या टू-के पेंटमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडू शकतो, त्याला वास नसला तरी ते असतं. साधा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजे, आणि ती हवा पेंटिंगच्या कॉम्प्रेसरमधून परस्पर घ्यायची नाही, श्वासासाठी शुद्ध केलेलीच हवी.

काम संपलं की पूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, त्याने आतली पॅकिंग खराब होतात आणि हवेचे बारीक मार्ग विरघळलेल्या पेंटने तुंबतात. कप रिकामा करून थोडा थिनर मारा, कॅप आणि नोझल काढून मऊ ब्रशने धुवा, भोकात तार घालू नका, आणि परत जोडताना आधी नोझल, मग नीडल.