दहा श्वासांना एक मणी

(मांडीवरचं बाळ, झबलं वर केलेलं)
बाळाच्या पोटाकडे बघा. किती भराभर हलतंय.

हा न्यूमोनिया घरातच, घरच्या कुणाच्या तरी खोकल्यातून लागलेला. जंतू छातीत उतरले की फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पाण्याने, पुवाने भरतात. प्राणवायू कमी पडतो आणि बाळ श्वासाचा वेग वाढवतं. मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. खोकला असलेल्या बाळाचे श्वास इतके किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया धरायचा. एक्स-रेसाठी थांबायचं नाही.

(सुईणीचे हात, मण्यांची पट्टी)
पण मोजणार कोण? १९८० च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यात बाळाजवळ असायची ती सुईण. अनेकींना दहा-बाराच्या पुढे आकडे येत नव्हते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे साधन तिच्यासाठी घडवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी: एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी.

आजींची बोटं बघा. घड्याळ उलटं केलं, नजर पोटावर. दहा श्वास झाले, एक मणी सरकला. पुन्हा एकपासून. बाळ रडायला लागलं, की त्या थांबतात, अंगावर घ्यायला सांगतात, पिऊन निवांत झालं की पहिल्यापासून मोजतात. ही सबुरी कुठल्या पदवीत शिकवतात? वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया.

(बाटली, चमचा)
मग उपचार तिथेच, अंगणात. तेव्हा को-ट्रायमोक्साझोल असायचं, आता अमॉक्सिसिलिन देतात. डोस वयाप्रमाणे, शिकवून दिलेला. शिकवलेल्या बाईच्या हाती अँटिबायोटिक द्यायलाच हवं, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

१९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापून आले: उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या शंभर मुलांत एकाहून कमी दगावलं, तुलनेच्या गावांत तेरा-चौदा.

(लसीकरणाचा दिवस, आशाताई)
न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूपासून वाचवणारी न्यूमोकोकल लस आता सरकारी केंद्रात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. बाळ पीत नसेल, जागं होत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आशाताईंना हाक मारा आणि तडक दवाखाना गाठा.