नोटांच्या वड्या

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे रिझर्व्ह बँक आणि कार्बन उत्सर्जन. घाबरू नका, सुरुवात माझ्या सांगलीच्या मावशीच्या पापडाच्या डब्यापासून आहे.

मावशीचा बँकेवर विश्वास, पण डब्यावर जास्त. दहा-बारा वर्षांपूर्वी डबा उघडला, तर शंभराच्या नोटा तेलकट, पिवळ्या आणि हिंगाच्या वासाच्या. मी तिला बँकेत घेऊन गेलो. कॅशियरनं नोट नाकाशी धरली, हसला आणि बदलून दिली. मावशीनं विचारलं, "आता हिचं काय करणार?" तो म्हणाला, "रिझर्व्ह बँकेत जाईल. यंत्रात चुरा होईल, मग चुऱ्याच्या वड्या पाडतील."

"वड्या? खायच्या?"

"नाही हो आजी, जळणाच्या."

मावशी खिडकीवरून हलेना. "मग आमच्या बंबाला द्या की! लाकडं केवढ्याला झाल्यात!" मागची रांग हसत होती. घरी येईपर्यंत हिशेब चालू, शंभराच्या किती नोटांत एक बादली तापेल. (बंबाच्या पाण्याची आंघोळ ती आंघोळ, गिझरच्या पाण्याला धुराचा वास नाही, हे माझं मत मी सोडणार नाही.)

तर त्या वड्या. आपली नोट कापसाच्या कागदाची. त्यात शाई, सुरक्षा धागा, रसायनं. असा चुरा भारतात वर्षाला सुमारे 15,000 टन निघतो. पुन्हा सांगतो, वर्षाला 15,000 टन! तो जाळायचा किंवा भराव म्हणून पुरायचा, अशी रीत होती. आता लाकडाच्या भुशाऐवजी तो पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, वापरायचा, असं रिझर्व्ह बँकेनं 2024-25 च्या वार्षिक अहवालात सांगितलंय. नोटांचे हार घालणाऱ्यांनी आणि नोटेवर हिशेब लिहिणाऱ्यांनी ऐकावं. नोट लवकर मळते, लवकर यंत्रात जाते, आणि तिच्या जागी नवी छापावी लागते.

पण हा झाला बँकेच्या घरचा धूर. मोठा धूर पैसा जिथे जातो तिथला. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं 2019 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचे आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांचे रोखे, म्हणजे त्या सरकारांना दिलेल्या कर्जाचे कागद, विकले, कारण तिथलं उत्सर्जन फार. आपली रिझर्व्ह बँक 2021 मध्ये मध्यवर्ती बँकांच्या हवामानविषयक गटात सामील झाली, आणि 1 जून 2023 पासून हरित ठेवींचे नियम लागू झाले. म्हणजे काय? या ठेवींचा पैसा सौरऊर्जेसारख्या कामांनाच द्यायचा, कोळशाला नाही. हरित ठेव. बँकेत गेलात तर विचारून बघा.

मावशीला परवा फोनवर हे बोर्डाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचं टेबल केलं, तर त्यावर गांधीजींचा चष्मा दिसंल का रे?"